चांगल्या वर्तणुकीची तीन पत्रं

तमाम नागरिक बंधुभगिनींना अत्यंत गंभीरपणे जाहीर करण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने यापुढे कोणाच्याही चारित्र्याची लेखी हमी देणे कायमचे बंद केलेले आहे. त्यात स्वतःचे चारित्र्यही आले. पासपोर्ट, भाड्याची खोली, मुलाची ॲडमिशन किंवा सासुरवाडीत वजन, यांपैकी कशासाठीही ज्यांना 'सदर इसमास मी व्यक्तिशः ओळखतो' असे पत्र हवे असेल, त्यांनी दुसरा सद्गृहस्थ शोधावा. डोंबिवलीत सद्गृहस्थांचा तुटवडा नाही. मीही त्यांतलाच एक होतो.

आता खुर्ची जरा पुढे ओढून घ्या, म्हणजे सांगतो.

माझा धंदा निवेदनाचा. साखरपुडे, हळदी, सोसायटीचे गणपती, निरोपसमारंभ, एकदा तर एका लिफ्टचं उद्घाटन. माईक दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो. ज्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा बघतोय त्याच्याबद्दल चार मिनिटं गहिवरून बोलायची विद्या मला चांगली साधलेली आहे. लोक म्हणतात, तुम्ही बोललात की माणूस मोठा वाटायला लागतो. हे ऐकून मी सुखावायचो. त्यात घाबरण्यासारखं काही आहे हे मला पंचावन्न वर्षं कळलं नव्हतं.

याच विद्येच्या जोरावर मी एका संस्थेच्या सल्लागार मंडळावर गेलो. मुलींना नोकरीचं, लग्नाचं आमिष दाखवून पळवणारे, विकणारे जे लोक असतात, त्यांच्याविरुद्ध ही संस्था काम करते. कार्यालय ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. खाली पत्र्याचे डबे दाबायचं मशीन आहे. ते दर मिनिटाला धप्प करतं आणि वर आमच्या टेबलावरचे कप बशीत किणकिणतात. काम सगळं करते ती एक तिशीतली कार्यकर्ती. आम्ही मंडळी मार्गदर्शन करतो.

आम्ही म्हणजे तिघं. अध्यक्ष आमच्या बाई. डोंबिवलीच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. निम्मी डोंबिवली त्यांच्या हाताखालून गेली आहे आणि उरलेली निम्मी त्यांना बघून उगाचच शर्टाचं वरचं बटण लावते. दुसरे शेठ, कल्याणजवळच्या मोहन्याच्या बाजूचे. त्यांच्या वाडवडिलांची भातशेती होती, आता त्या शेतांवर इमारती आहेत, आणि आसपासच्या गावांतली एकही हळद शेठ येऊन बसल्याशिवाय सुरू होत नाही. तिसरा मी.

पहिल्या वर्षी आम्ही काय मार्गदर्शन केलं, हे प्रामाणिकपणे सांगायचं तर बैठकीत बिस्किटं गोड असावीत की खारी, यावर आमच्यात दोन तट पडले. दुसरं म्हणजे आम्ही बॅनर लावले. विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेरचा बॅनर सगळ्यात मोठा. कार्यकर्तीला त्यावर मदतीचा फोन नंबर ठळक हवा होता. आम्ही मार्गदर्शन केलं की फोटो हवेत. माणसं चेहऱ्यावर विश्वास ठेवतात. मग नंबर खाली कोपऱ्यात गेला आणि वर आम्ही तिघं आलो, बाई मधे, शेठ गळ्यातल्या साखळीसकट, आणि मी हसरा. मजकूर माझा होता: 'अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका. आपल्या ओळखीच्या, प्रतिष्ठित व्यक्तींकडून खात्री करून घ्या.'

कार्यकर्ती तेव्हा काहीतरी म्हणाली होती. खाली मशीन धप्प झालं, मला ऐकू आलं नाही, आणि मी परत विचारलंही नाही.

एके दिवशी सकाळी अकराला बैठक होती. विषय वार्षिक कार्यक्रमाचा. कोणाला आधी हार घालायचा, यावर शेठ आणि मी घासाघीस करत होतो. तेवढ्यात दार ढकलून एक बाई आत आली. चाळिशीची, इस्त्रीची साडी, कपाळावर घाम. एका हातात पेढ्यांचा बॉक्स, काखेत प्लास्टिकची फाइल. तिने आम्हा तिघांकडे पाहिलं आणि माझ्यावर येऊन थांबली.

"तुम्हीच ना ते? स्टेशनाबाहेरच्या फोटोतले?"

मी खुर्चीत सरळ झालो. शेठ माझ्या कानाशी आले. "घ्या, फॅन आली तुमची."

"मी विठ्ठलवाडीची," ती म्हणाली. "पोळ्यांची कामं करते. पेढे घ्या साहेब. मोठी मुलगी कामाला लागली माझी."

"अरे वा," मी म्हणालो आणि एक पेढा तोंडात टाकला. एक हातात घेतला. "कुठे लागली?"

"आता ते तुम्हालाच ठाऊक. तुमच्याच संस्थेनं पाठवलंय ना तिला."

कार्यकर्तीचं पेन थांबलं. ती उठली, त्या बाईला खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, पहिल्यापासून सांगा."

ताईंनी सांगितलं. मोठी एकोणीस वर्षांची, बारावी झालेली. एक सर यायचे चाळीत. प्लेसमेंटचं काम करायचे. बाहेरच्या राज्यातल्या एका शहरात मोठ्या हॉटेलात ट्रेनिंग आणि लगेच नोकरी. तीन आठवडे झाले तिला जाऊन. पहिले चार दिवस रोज फोन आला. मग एकदा कुठल्यातरी दुसऱ्याच नंबरवरून आला, ती म्हणाली, आई, आमचे कागद काढून घेतलेत, आणि फोन कट. त्यानंतर मोबाइल बंद.

"सर म्हणतात, ती रडते फार. एकटी पडली. धाकटीला पाठवा सोबतीला, म्हणजे दोघी रमतील. उद्या दुपारची गाडी आहे. धाकटी बॅग भरतेय. म्हटलं, त्याच्या आधी तुम्हाला भेटून यावं. तुम्ही सरांना सांगा, मोठीला एक फोन तेवढा करू द्या. बाकी काही तक्रार नाही माझी."

माझ्या तोंडातला पेढा तिथेच राहिला. गिळता येईना, टाकता येईना. वर्षभर मी व्याख्यानांतून सांगत आलेलो: कागद काढून घेणं, फोन बंद होणं, बहिणीला बोलावणं. हे सगळं मी पाठ म्हणून दाखवायचो, आवाज चढवून, थांबे घेऊन. समोर बसलेल्या बाईने ते पोळीच्या पिठाचा हिशोब सांगावा तसं साधं सांगितलं.

बाईंना राग आला होता. तो त्यांनी शाळेच्या सवयीने पालकावर काढला. "अहो, पण अशा कोणा अनोळखी माणसाबरोबर तरुण मुलगी पाठवायची? इतके बॅनर लावलेत आम्ही. वाचत नाही का तुम्ही?"

ताईंना ते लागलं. "वाचते की. सातवी शिकलेय मी. वाचलं म्हणूनच तर त्याला कागद मागितले. ओळखीच्या प्रतिष्ठित माणसाकडून खात्री करा, असं लिहिलंय ना तुम्ही? तर त्याला म्हटलं, आण कोणाचं तरी. तर हे आणलंन् त्यानं."

तिने फाइल उघडून टेबलावर ठेवली. पहिलं पत्र माझं होतं.

माझं लेटरहेड. वर माझं नाव, खाली 'सुप्रसिद्ध निवेदक', त्याखाली ठळक अक्षरांत संस्थेचं नाव आणि 'सन्माननीय सदस्य, सल्लागार मंडळ'. सल्लागार झाल्याच्या आठवड्यातच मी नवीन छापून घेतलेलं. मजकूर: 'सदर गृहस्थांस मी गेली अनेक वर्षे व्यक्तिशः ओळखतो. ते अत्यंत सचोटीचे, होतकरू आणि समाजाभिमुख असून त्यांच्या कार्यास माझ्या मनःपूर्वक शुभेच्छा आहेत.' खाली माझी सही, शेवटी ती लांब शेपटी असलेली.

"सही झकास हाय," शेठ वाकून बघत म्हणाले. त्यांना अजून गंमत वाटत होती. "निवेदक, तुमी तर त्याचं लगीनच लावून दिलंव. कोन हाय हा?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तेच खरं होतं. लोक दाराशी सारखे येतात, प्रत्येकासाठी नवीन पत्र कोण लिहिणार? म्हणून मी मजकूर घराजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवलेला, आणि त्याच्याकडे दहा-बारा पत्रांवर आधीच सह्या करून दिलेल्या. नाव तेवढं भरायचं. लोकांची सोय व्हावी, हा हेतू. सोय झालेली दिसत होती.

कार्यकर्तीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने पान उलटलं. दुसरं पत्र शेठचं. निळा शिक्का, अर्धा कागदाबाहेर गेलेला.

शेठच्या तोंडावरची गंमत अशी उतरली की मला त्यांची कीव आली. "हा मी नाय केला," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "शिक्का हापिसान असतो. पोरगी मारते. मी सांगितलाय तिला, गरिबाला परत पाठवू नको."

आता आमची भिस्त बाईंवर होती. निदान एक माणूस तरी मंडळाची अब्रू राखेल. बाईंनीच हात पुढे करून पान उलटलं.

तिसरं पत्र हाताने लिहिलेलं होतं. शाईचं पेन, एका ओळीत अक्षरं, एकही काना-मात्रा चुकलेली नाही. कोणाच्या हाताचं आहे हे सांगायची गरजच नव्हती. बाई ते पूर्ण वाचत बसल्या, जणू परीक्षेचा पेपर तपासताहेत.

"हा माझ्या वर्गात होता," त्या म्हणाल्या. "चौथीला. रोज फळा पुसायचा. गुरुपौर्णिमेला फुलं घेऊन आला होता घरी. मी विचारलं, काय करतोस रे? म्हणाला, मुलींना पायावर उभं करतो, बाई." त्यांनी चष्मा काढला. "तिथेच, वहीवर कागद ठेवून लिहिलं मी हे."

मशीन धप्प झालं. कप किणकिणले.

ताई आमच्याकडे एकेक करून बघत होत्या. त्यांना काहीतरी कळायला लागलं होतं, पण ते त्यांना कळून घ्यायचं नव्हतं. "म्हणजे, सही तुमची नाही?" त्यांनी मला विचारलं.

"सही माझीच आहे."

"मग ओळखता ना त्याला?"

"नाही."

"मग लिहिलंय की. व्यक्तिशः ओळखतो."

मी हजारांच्या गर्दीसमोर लाइट गेल्यावर, नवरामुलगा मांडवात आलाच नाही तेव्हा, आमदार भाषणात नाव विसरले तेव्हा, वेळ मारून नेलेली आहे. त्या बाईपुढे मी हातातला दुसरा पेढा परत बॉक्समध्ये ठेवला.

पुढचं सगळं कार्यकर्तीने केलं. पेढ्यांचा बॉक्स उचलून खिडकीत ठेवला. ताईंना म्हणाली, "धाकटीला आत्ता इथे बोलवा. बॅग घेऊन नको, नुसती." मग तिने पोलिसांतल्या एका मॅडमना फोन लावला, सगळं सांगितलं, ऐकलं, आणि वळून बाईंना म्हणाली, "मॅडम, तो तुम्हाला मानतो. तुमचा फोन उचलेल. मोठी मुलगी नेमकी कुठे आहे, तेवढं त्याच्याकडून काढायचंय. त्याला संशय आला तर तो तिला तिथून हलवेल. जमेल?"

शेठ मधेच म्हणाले, "आनि ही पत्रा? ही पोलिसांकरं जानार?"

"जाणार. आणि तुम्ही तिघांनीही जबाब द्यायचाय, की तुम्ही त्याला ओळखत नाही किंवा न विचारता सही केलीत."

"माजा नाव जाईल गावान," शेठ म्हणाले.

बाईंनी चष्मा परत लावला. "शेठ, यांची मुलगी गेली आहे," त्या म्हणाल्या आणि फोन उचलला.

त्यांनी तो स्पीकरवर ठेवला. पलीकडून आवाज आला तो अगदी आदबशीर होता. "बाई, नमस्कार. तुम्ही कशाला फोन केलात, मीच आलो असतो."

"अरे, तू त्या विठ्ठलवाडीच्या मुलीला नोकरी लावलीस म्हणे. तिची आई आली आहे माझ्याकडे. फार कौतुक करते तुझं."

"तुमचे आशीर्वाद, बाई."

"मुलगी मजेत आहे ना?"

"एकदम. घरची आठवण येते, एवढंच."

"मग मी तिला पत्र पाठवते. पोरीला बरं वाटेल. पत्ता सांग."

ताईंनी पदर तोंडात धरला होता. माझं लक्ष बाईंच्या हाताकडे गेलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि कोरा कागद पुढे ओढला.

"पत्ता कशाला बाई, माझ्याकडे द्या, मी पोचवतो."

"हे बघ," बाई म्हणाल्या, आणि तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, पण निम्म्या डोंबिवलीने ऐकला असणार, "मी विचारलंय ना? मग उत्तर दे. इमारत, मजला, रस्ता. नीट, सावकाश. मी लिहून घेते आहे."

आणि त्याने सांगितलं. सुरुवातीला नुसतं भागाचं नाव घेतलं. बाई म्हणाल्या, "अर्धवट नको." मग त्याने इमारतीचं नाव घेतलं, मजला सांगितला, खोली नंबर, समोरचं औषधाचं दुकान. चौथीतल्या मुलाने पाढा म्हणावा तसा सांगत गेला. मला अजून कळलेलं नाही, की बाईंना भोळी समजून त्याने सांगितलं, की त्याला खोटं बोलणं त्या क्षणी जमलंच नाही. बाईंनी प्रत्येक शब्द सुंदर अक्षरात लिहिला. "शाबास," त्या शेवटी म्हणाल्या. फोन ठेवला आणि उठून गॅलरीत गेल्या. बराच वेळ आत आल्या नाहीत.

आम्ही तिघांनी कल्याणला जाऊन जबाब दिले. पोलीस मॅडमनी तिन्ही पत्रं समोर मांडली आणि म्हणाल्या, "अहो, माझ्या बदलीच्या अर्जाला इतक्या चांगल्या शिफारशी मिळाल्या नाहीत." आम्ही हसलो नाही. त्याही हसल्या नाहीत. शेठनी जबाबावर सही करताना प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली, आणि मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो धाकटीला न्यायला कल्याण स्टेशनावर आला आणि तिथेच पकडला गेला. त्याच वेळी तिकडे दुसरं पथक त्या इमारतीत चढलं. कार्यकर्ती त्यांच्याबरोबर गेलेली. दोन खोल्या, बाहेरून कुलूप, आत पाच मुली. आमची मोठी त्यांच्यातच होती. फोनवर कार्यकर्ती एवढंच म्हणाली, "जिवंत आहे, चालते आहे, जेवली." या तीन गोष्टी तिने ज्या क्रमाने सांगितल्या, तो क्रम मी विसरू शकलेलो नाही. पुढचं तिने आम्हाला सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. तेवढी अक्कल तोवर आलेली.

तिथल्या कोर्टाचे, तपासणीचे सोपस्कार होऊन मोठी परत आली, तेव्हा तिला आधी आमच्या कार्यालयात आणलं. आई आणि धाकटी सकाळपासून येऊन बसलेल्या. आम्ही तिघंही हजर. आणि आमच्या मंडळाची कमाल बघा, शेठ शाल आणि नारळ घेऊन आले होते.

"हे कशाला?" कार्यकर्तीने विचारलं.

"मोकल्या हातानी कसा भेटाचा? सत्कार..." शेठ म्हणाले, तिचा चेहरा पाहिला आणि दोन्ही वस्तू गुपचूप कपाटाआड ठेवल्या.

दार उघडलं. मुलगी आत आली. बारीक, केस कसेतरी बांधलेले, अंगात कोणाचा तरी मोठा ड्रेस. आई उठली, पण तिला जवळ घेताना हात मधेच थांबले, कुठे दुखत असेल अशा भीतीने. मग धाकटीने सरळ जाऊन मिठी मारली आणि तिघी तिथेच, दारात, खाली बसल्या. खालचं मशीन चालू होतं. कोणीतरी जाऊन ते बंद करायला सांगावं असं मला वाटलं, पण मी हललो नाही.

बऱ्याच वेळाने मोठीने डोळे पुसले आणि आमच्याकडे पाहिलं. आता काहीतरी बोलायला हवं होतं. माफी मागायची होती. मी रात्रभर वाक्यं जुळवलेली. थांबे कुठे घ्यायचे तेही ठरवलेलं. मी उठलो, घसा साफ केला, म्हणालो, "बाळ, मी..." आणि माझं नाव सांगितलं.

ती नाव ऐकून दचकली. आईच्या दंडाला धरून उठली, एक पाऊल मागे सरकली, आणि माझ्याकडे बोट करून, अगदी सरळ, मोठ्याने म्हणाली, "तिथे पाची जणींच्या आयांना ह्यांचंच पत्र दाखवलेलं. आम्हाला वाटायचं, मालक हेच."